‘मुदत संपल्यावर कळलं, ताई’ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं, की संगणकवाले पगारवाढीवर तासभर बोलतील, पण सरकारचा मसुदा आला की कुणी पहिलं पान उलटत नाही. ते वाक्य बऱ्याच जणांना झोंबलं. पत्रं इतकी आली, की लॅपटॉप कोणता घ्यावा आणि मुलाला कोणत्या शाखेत घालावं हे आपले नेहमीचे प्रश्न या महिन्यापुरते थांबवले आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी पुण्यात ३४ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. त्यातली शेवटची नऊ वर्षं एका स्थानिक उद्योग संघटनेच्या धोरण समितीवरही होते. नाव भारदस्त, प्रत्यक्षात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सहा-सात माणसं, चहाचा एक थर्मास आणि पाठपोट छापलेले मसुदे. माझ्या चष्म्याचा नंबर त्याच काळात वाढला.

एक वाचक, सांगलीजवळून : आमची १४ जणांची कंपनी आहे. सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. २०२२ मध्ये सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, ‘सर्ट-इन’चा सहा तासांचा नियम आला, तो आम्हाला एका पतसंस्थेच्या ऑडिटरनं सांगितला. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांवर सूचना मागवल्या होत्या, तेही मुदत संपल्यावर कळलं, ताई. आम्ही मोठ्या संघटनेचं सदस्य व्हावं, की आमच्यासारख्या १५-२० जणांनी आपली वेगळी काढावी? मोठ्यांच्या पंगतीत आमचं पान कोण मांडणार?

उत्तर : ज्या पंगतीची तुम्हाला धास्ती वाटते, ती स्वतःच दुसऱ्या पंगतीतून उठून आलेल्यांची आहे. ऐंशीच्या दशकात संगणक उद्योगाची संघटना म्हणजे ‘मेट’. १९८२ ची, आणि तिच्यात वजन यंत्रं बनवणाऱ्यांचं. परदेशी यंत्रावर जकात चढी असली तर यंत्र बनवणाऱ्याला ती मानवते. तेच यंत्र विकत घेऊन त्यावर पोट भरणाऱ्याला ती मारते. दोघांनी एकाच लेटरहेडवर सरकारला काय लिहायचं? शेवटी १९८८ मध्ये ३८ सॉफ्टवेअर कंपन्यांनी वेगळी चूल मांडली, ती ‘नॅसकॉम’.

तेव्हा सॉफ्टवेअर ही काही चीज आहे हेच कुणाला पटत नसे. मी नोकरीत नवी असताना आमच्या कंपनीनं बाहेरून मागवलेला एक कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, विमानतळावरच्या गोदामात ११ दिवस अडकला होता. साहेबांनी मला पाठवलं, का तर ‘मुलगी पाहून लवकर सोडतील’. तेव्हा असं उघड बोलत. तिथल्या कारकुनानं खोक्यातून सहा फ्लॉप्या काढल्या, एक खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “बाई, यात माल कुठाय?” मी काय सांगणार! वस्तू काही रुपयांची आणि बिल हजारोंचं. जकात कशावर धरायची? त्या बिचाऱ्याकडे तरी त्यासाठी रकाना कुठे होता! नव्या संघटनेची सुरुवातीची बरीच वर्षं असे रकाने पाडून घेण्यात गेली. चोरीच्या प्रतींचंही तसंच. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं ६३ब हे कलम आलं आणि मे १९९५ पासून लागू झालं. चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैदेची तरतूद. त्या काळात नॅसकॉमचा चेहरा म्हणजे देवांग मेहता. चोरीच्या सॉफ्टवेअरविरुद्ध त्यांनी रान उठवलं होतं. २००१ मध्ये ते अकाली गेले.

पुढे २०१३ मध्ये तोच प्रकार पुन्हा घडला. सेवा विकणाऱ्या बड्या कंपन्यांच्या घरात आपलं ऐकलं जात नाही, असं स्वतःचं उत्पादन बनवून विकणाऱ्यांना वाटू लागलं. त्यातल्या काहींनी बंगळुरूत ‘आयस्पिरिट’ सुरू केली. म्हणजे भांडण लहान-मोठ्याचं असलं तरी मुळाशी हित वेगळं असतं. जिथे मोठ्या कंपनीचं आणि तुमचं दुखणं एक आहे, तिथे वर्गणी भरा आणि मोठ्या संघटनेच्या मागे उभे राहा. दिल्लीतलं दार तिलाच लवकर उघडतं. जिथे दुखणं फक्त तुमचं आहे, तिथे तुमची पंधरा जणंच खरी.

दार उघडतं तेव्हा हातात कागद लागतो. हे मी एकदा जवळून पाहिलंय. दूरसंचार विभागाकडे ‘ओएसपी’ म्हणून नोंदणी करावी लागणाऱ्या कंपन्या असत. कॉल सेंटर, बीपीओ, आणि व्याख्या संदिग्ध म्हणून भीतीपोटी नोंदणी करून मोकळ्या झालेल्या कितीतरी आयटी कंपन्या. यांना आपला माणूस घरून कामाला बसवायचा तर एक कोटी रुपयांची अनामत, विभागाशी करार आणि त्या ठरलेल्या घरापर्यंत अधिकृत पुरवठादाराकडूनच घेतलेलं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित जोडणी. एवढं करणार कोण? त्यामुळे घरून काम हे सेमिनारमध्ये बोलायचं प्रकरण होतं. १३ मार्च २०२०, शुक्रवार. उद्योगाच्या विनंतीवरून विभागानं अनामत आणि करार ३० एप्रिलपर्यंत माफ केले, व्हीपीएनची अट सैल केली. पुढच्या बुधवारी बाणेरला आमच्या ऑफिसच्या तळघरात टेम्पो उभा होता. प्रत्येक सीपीयूवर खडूनं नाव. ज्यांना टेम्पोची वाट पाहायची नव्हती ते दुचाकीवर नेत होते. एक मुलगा आईलाच घेऊन आला होता, मागे बसून मॉनिटर धरायला. त्या काकूंनी घरून चादर आणली होती. मॉनिटरला ती गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन त्या धायरीला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “पडलं तर पगारातून कापत नाही ना?”

लोक म्हणतात, करोनानं नियम बदलले. सवलत करोनानं आणली हे खरं. पण ५ नोव्हेंबर २०२० ला विभागानं डेटाचं काम करणाऱ्यांची ही नोंदणीच काढून टाकली, आणि जून २०२१ मध्ये उरलेल्या अटी आणखी सैल केल्या, त्यामागचं काम आधीच झालेलं होतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं मार्च २०१९ मध्ये या विषयावर चर्चापत्र काढलं होतं, लोकांकडून उत्तरं घेतली होती आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिफारशीही दिल्या होत्या. आमच्या समितीनंही चार पानं पाठवली होती. आमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, आमच्यासारखी पुष्कळ पानं तिथे होती. पण संकट आलं तेव्हा फाइल कोरी नव्हती, एवढं खरं.

तर तुमच्या १५ जणांनी ती पानं लिहायला शिकावं. निवेदनाची आपली जुनी पद्धत तुम्हाला माहीत आहे : ‘महोदय, लघुउद्योजकांवर घोर अन्याय’, खाली पन्नास सह्या, मंत्र्यांबरोबर फोटो. तो फोटो ऑफिसात लावायला बरा. मसुदा लिहिणाऱ्या अवर सचिवाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. त्याला चार रकाने द्या : नियमाचा क्रमांक, आत्ताचे शब्द, तुमचे पर्यायी शब्द, आणि कारण. कारणात तुमच्या दुकानातला आकडा. सर्ट-इनचे निर्देश २८ एप्रिल २०२२ चे. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, लॉग, म्हणजे यंत्रात आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपा. ओरड झाली, तेव्हा लघु आणि मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली. सहा तास मात्र सहाच राहिले. आता सांगा, पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये रात्री दोनला कुणी शिरल्याचं कळलं तर सकाळी आठच्या आत कळवायचं. तुमच्या १४ जणांत रात्री जागा कोण असतो? त्यातल्या किती जणांना लॉग वाचता येतो? आणखी दोन माणसं ठेवली तर महिन्याचा खर्च किती वाढतो? हे दिल्लीतल्या संघटनेच्या वकिलाला ठाऊक नाही. तिच्या सदस्यांकडे तीन पाळ्यांचे कक्ष आहेत. ते फक्त तुम्हीच लिहू शकता.

डेटा नियमांचं तुम्ही म्हणता ते मला पटतं, आणि त्यात माझीही एक तक्रार आहे. मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला, मुदत आधी १८ फेब्रुवारी होती, ती ५ मार्चपर्यंत वाढली. वेळ पुरेसा होता, फक्त सांगलीपर्यंत बातमी गेली नाही. पण मंत्रालयानं आलेल्या सूचना गोपनीय ठेवायचं ठरवलं. ट्राय उलट करते. सगळ्यांची उत्तरं संकेतस्थळावर टाकते, मग एकमेकांच्या उत्तरांवर प्रत्युत्तरं मागते, मग खुली बैठक घेते. एखाद्या बड्या कंपनीनं काय मागितलं ते तुम्ही घरबसल्या वाचू शकता. मी तर नव्या माणसाला आधी हेच वाचायला सांगते. दुसऱ्याचं उत्तर वाचून आपलं कसं लिहायचं ते कळतं, आणि थोडा रागही येतो, तो उपयोगी पडतो.

नोंदणीचं इतक्यात डोक्यात घेऊ नका. सात जण असले की १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था होते, महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाकडेही जावं लागतं. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालीही करता येते. पण आपल्याकडे घटना लिहिली की लगेच अध्यक्ष कोण हे सुरू होतं आणि पहिलं वर्ष त्यातच जातं. आधी एक मसुदा पंधरा जणांनी मिळून वाचा. दुसऱ्या मसुद्याला किती जण येतात ते पाहा. सात आले तर नोंदणी करा.

एक वाचक, हिंजवडी : मॅडम, तुम्ही ज्या संघटनांवर होता त्या सगळ्या मालकांच्या. आम्ही फेज तीनला जायला-यायला रोज तीन तास घालवतो, नोटीस पिरियड तीन महिन्यांचा, आणि एक दिवस अचानक बैठकीला बोलावून राजीनामा लिहून घेतात. तुमच्या ‘धोरणा’त आम्ही कुठे आहोत?

उत्तर : कुठेच नव्हता. हे मान्य करायला मला बराच काळ लागला, म्हणून गोलगोल बोलत नाही.

आमच्या समितीनं एकदा कामगार कायद्यांखालच्या तपासण्या कमी करून कंपन्यांना स्वयंप्रमाणन द्यावं, म्हणजे नियम पाळतो असं कंपनीनं स्वतःच लिहून द्यावं, म्हणून निवेदन केलं होतं. मसुदा माझ्या हातचा. निवृत्तीनंतर कपाट आवरताना तो सापडला. ‘इन्स्पेक्टर राज’ हा शब्द मी त्यात नऊ वेळा वापरलाय. ‘ओव्हरटाइम’ एकदाही नाही. त्या टेबलाभोवती बसलेले आम्ही सगळे पगारदारच, म्हणजे मालक एकही नव्हता! पण बोलत होतो मालकाच्या तोंडानं. खोटं लिहिलं नव्हतं, तपासनिसांचा त्रास खराच होता. फक्त खोलीत जे नव्हते त्यांची बाजू कुणी मांडली नाही, आणि ती आपण मांडत नाही आहोत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

उद्योग संघटना आणि कर्मचारी संघटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीनं दुसरीचं काम करावं ही अपेक्षा सोडा. उद्योग संघटनेचा वेग पाहायचा असेल तर जुलै २०२४ चं कर्नाटक आठवा. स्थानिकांसाठी व्यवस्थापनाच्या जागांत ५० टक्के आणि इतर जागांत ७० टक्के राखीव ठेवणारं विधेयक मंत्रिमंडळानं मंजूर केलं. नॅसकॉमनं जाहीर नाराजी कळवली, उद्योगातली बडी माणसं बोलली, आणि काही दिवसांच्या आत ते बासनात गेलं. विधेयक चांगलं होतं असं मला वाटत नाही. पण रायचूरच्या एखाद्या बेकार पदवीधराला त्या आठवड्यात काय वाटलं असेल, हे विचारायला कोण गेलं? त्याच राज्यात कामाचे तास वाढवण्याचा प्रस्ताव चर्चेला आला तेव्हा विरोधाला ‘किटू’ ही आयटी कर्मचाऱ्यांची कामगार संघटना उभी राहिली. आपल्याकडे पुण्यात ‘नाइट्स’ आणि ‘फाइट’ आहेत, कामगार खात्याकडे तक्रारी नेतात.

आता तुमच्या मनातली अडचण सांगते, पत्रात तुम्ही ती लिहिली नाही. ‘मला एवढा पगार, मी कामगार कसा?’ हा समज माझ्याही पिढीत होता. कायद्यात पगाराची मर्यादा देखरेखीचं काम करणाऱ्यांना आहे. औद्योगिक विवाद कायद्यात ती १० हजार होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १८ हजार. तांत्रिक किंवा कुशल काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. प्रश्न तुम्ही करता काय याचा आहे. व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापलं आणि हाताखाली कुणी नाही, दिवसभर कोडच लिहिता, तर कार्डावरच्या शब्दाला फारसं महत्त्व नाही. राजीनामा लिहून घेण्याच्या बैठकीत जाण्याआधी एवढं माहीत असलं तरी पुष्कळ. सही तिथल्या तिथे करायची नाही. ‘घरी वाचून उद्या देतो’ म्हणायचं आणि उठायचं.

वाहतुकीवर मात्र तुम्ही आणि मालक एका बाजूला आहात, कारण तुमचे तीन तास त्यांनाही महाग पडतात. तिथे एकत्र जा. दोन संघटनांनी एकाच पत्रावर सही केली की पीएमआरडीए, एमआयडीसी आणि दोन्ही महापालिकांना एकमेकांकडे बोट दाखवणं जरा जड जातं.

काही फ्रीलान्सर, नागपूर : आम्ही २२ जणांनी गट केला आहे. कुणी ठरलेल्या दरापेक्षा कमी दरात वेबसाइट करायची नाही असा नियम करणार आहोत. नमुना ठराव पाठवाल का?

उत्तर : नाही. आणि तुम्हीही तो कागदावर आणू नका. स्पर्धा कायदा, २००२, कलम ३ : स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं निषिद्ध, संघटनेच्या नावानं केलं तरी. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर स्पर्धा आयोगानं याच कलमाखाली कारवाई केलेली आहे. एकमेकांची माणसं न पळवण्याचा करारही त्याच खड्ड्यात नेतो. पैसे वेळेवर मिळावेत म्हणून नमुना करारपत्र बनवा, आगाऊ रकमेचं कलम त्यात घाला, ते चालतं.

भाऊ-बहीण, मडगाव : आम्ही दोघं लहान हॉटेलांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर विकतो. आपल्याकडे सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही म्हणतात. संघटनांनी सरकारकडे ते मागायला नको का?

उत्तर : मागणाऱ्यांनी मागितलं होतं, आणि तुमच्यासारख्यांच्या नशिबानं ते मिळालं नाही.

पेटंट कायद्याचं कलम ३(के) : गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘पर से’ संगणक प्रोग्राम हे शोध धरले जात नाहीत. ‘पर से’ म्हणजे निव्वळ, स्वतःपुरता. या दोन लॅटिन शब्दांवर आजवर किती वकिलांनी बंगले बांधले असतील! डिसेंबर २००४ मध्ये केंद्रानं अध्यादेश काढून खिडकी किलकिली केली : उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी जोड असेल तर पेटंट चालेल. २००५ मध्ये कायदा संसदेत आला तेव्हा तो भाग गळला. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, तीच खिडकी पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांतून पुन्हा उघडली. कायद्याला हात न लावता, नुसत्या परिपत्रकासारख्या कागदानं. या वेळी आयस्पिरिट, डिजिटल हक्कांसाठी काम करणारी वकिलांची संस्था एसएफएलसी वगैरेंनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं. मुद्दा एकच होता, की संसदेनं जे नाकारलं ते कार्यालय सूचनांतून देऊ शकत नाही. डिसेंबरमध्ये सूचना स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ च्या नव्या सूचनांत नवं हार्डवेअर असेल तरच, अशी कसोटी आली. जून २०१७ मध्ये ती कसोटीही काढली. म्हणजे दोन पावलं पुढे, एक मागे. जिंकलो म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी पुढची आवृत्ती वाचायची असते.

तुमचा प्रोग्राम लिहिला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा झाला, त्याला अर्जही लागत नाही. पेटंटाची दुनिया वेगळी आहे. तिथे एखादी बडी कंपनी ‘खोली निवडायची पद्धत’ आपली म्हणून नोटीस पाठवते आणि तुम्ही दोघं दुकान सोडून वकिलाच्या दारात बसता. मोठ्यांच्या हातात शंभर पेटंटं असतात, तुम्ही किती काढणार? ही मागणी कुणी तुमच्या नावानं करत असेल तर आधी त्याच्या सदस्यांची यादी पाहा.

एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर : काकू, मी तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात लॉबिंग म्हणजे सभ्य लाच. मग तुम्ही नऊ वर्षं काय केलंत? आणि एकट्या मुलाच्या ईमेलनं काही होतं का?

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांग. पूर्ण चूक नाही त्यांचं. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानं लॉबिंग करणाऱ्यानं नोंदणी करायची असते, कुणासाठी आणि कशावर किती खर्च केला ते जाहीर करायचं असतं. आपल्याकडे असा कायदाच नाही. त्यामुळे उघड निवेदन देणारा आणि जेवणाच्या टेबलावर काम करून घेणारा, दोघांना एकच शब्द. मी स्वतः बंद दारामागच्या दोन बैठकांना गेले आहे. बाहेर आल्यावर आत काय झालं ते सदस्यांना सांगायचं नाही असं ठरलं, आणि मी गप्प राहिले. ते मला अजून खटकतं.

ईमेलचं म्हणशील तर दोन गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत. मार्च २०१५ मध्ये ट्रायनं इंटरनेट सेवांवर चर्चापत्र काढलं. ते शंभरावर पानांचं, भाषा टेलिकॉम कंपन्यांच्या वळणाची. काही स्वयंसेवकांनी त्यातला प्रत्येक प्रश्न सोप्या भाषेत मांडला, उत्तरं तयार केली, आणि दहा लाखांवर ईमेल गेले. ट्रायनं ते सगळे, पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट, संकेतस्थळावर टाकले! माझ्या भाच्याला पुढे महिनाभर कर्जाच्या जाहिराती येत होत्या. त्याच वर्षाअखेरीस दुसरं चर्चापत्र आलं, वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावावेत का यावर. फेसबुकनं आपल्या ‘फ्री बेसिक्स’साठी, म्हणजे ठरावीक संकेतस्थळं फुकट दाखवण्याच्या योजनेसाठी, लोकांकडून एका बटणावर लाखो उत्तरं पाठवून घेतली. ट्रायनं म्हटलं, आम्ही चार प्रश्न विचारले होते, यात त्यांची उत्तरं नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या दरांवर बंदी आली. नॅसकॉमनंही तेव्हा भेदभावाच्या विरोधातच लिहिलं होतं, आणि काही सदस्य कंपन्यांना ते आवडलं नसणार, असा माझा आपला अंदाज.

तेव्हा एकट्याचा ईमेल चालतो, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात असेल तर. ट्रायच्या संकेतस्थळावर चर्चापत्रांची यादी असते. मुदत न संपलेलं एक निवड. शेवटच्या प्रकरणात सगळे प्रश्न क्रमांकासह एकत्र दिलेले असतात, तिथून सुरुवात कर, पहिल्या पानापासून नको, झोप येते. एकाच प्रश्नाचं उत्तर लिही, दीड पानाच्या आत. पाठवण्याआधी सरांना दाखव. त्यांनी दोन चुका काढल्या तर त्यांचंही नाव खाली घाल.